जातं गेलं, गुडघे राहिले

आमचं गाव जुन्या औंध संस्थानातलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्काराचं त्यांना वेडच होतं. स्वतः रोज घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. वडील शाळेत तेच शिकले. गावातली जुनी माणसं मात्र हसायची. म्हणायची, "दिसभर नांगरामागं चालणाऱ्याला कशाला रं नमस्कार?"

त्यांचंही खोटं नव्हतं. व्यायाम वेगळा काढून ठेवावा असं आयुष्यच नव्हतं. आई पहाटे एक पाय लांब करून जात्याला बसायची. दळण, आडाचं पाणी, सरपण, मग खुरपणी. त्या कष्टाचे गोडवे मी गाणार नाही. आईचे खांदे आणि कंबर तेव्हाही भरून यायची. रात्री ती गरम विटेनं शेकायची. कष्ट एकाच सांध्याला झिजवत राहतात, व्यायाम सगळं अंग सारखं वागवतो. राजाला कळलेला हा फरक आम्हांला कळायला फार वर्षं गेली.

मी चौथीत असताना गावात वीज आली, पाठोपाठ पिठाची गिरणी आली. जातं परसात गेलं. मग विहिरीवर मोटार, दारात नळ, घरात गॅस, पोरांच्या बुडाखाली मोटारसायकल. आयाबायांची हाडं सुटली, चांगलंच झालं. पण अंगाची हालचाल गेली ती गेलीच; तिच्या जागी काही आलं नाही. ताटात भात आणि चहात साखर तेवढी वाढली.

सत्तरीत आईचे गुडघे धरले. ती खाटेवरच बसून राहू लागली, तसं वजन चढलं आणि दुखणंही. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "आजी, एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. आणि मांडीचा स्नायू बळकट झाला की तो सांध्याला सांभाळून घेतो."

आई उसळली, "आरं लेकरा, जलमभर राबले, ते काय कमी झालं व्हय?"

"ते राबणं झालं, आजी. आता गुडघ्यासाठी करा."

खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा धरून हळू खाली सोडायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. सकाळी झेपेल तेवढं रस्त्यानं चालायचं, रोज थोडं वाढवत. पहिले पंधरा दिवस मांड्या ठणकल्या, तिनं डॉक्टरला शिव्याही घातल्या. चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. वर्षात सहा किलो उतरली.

झिजलेला सांधा काही नवा झाला नाही. पावसाळ्यात अजून कुरकुरतो, मांडी घालून बसता येत नाही. पण त्या साली यमाईच्या डोंगराची पायवाट ती बाळासाहेबांच्या संग्रहालयापर्यंत आपल्या पायांनी चढली. तिथं कठड्यावर टेकली, वरच्या देवळाकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "एवढं आलं, लई झालं. बाकीचं पुढच्या साली."