मराबाच्या डोंगरावरची धुतलेली कॉफी

कॉफीचं पिकलेलं फळ करवंदाएवढं, लालभडक असतं. आत दोन बिया आणि त्यांच्याभोवती गोड, बुळबुळीत गर. फळ तोडलं की गर आंबायला वेळ लागत नाही. म्हणून त्याच दिवशी साल काढायची, बिया हौदात ठेवून चिकटा सैल होऊ द्यायचा, मग वाहत्या पाण्यात त्या धुऊन काढायच्या. हलक्या बिया तरंगतात, भरीव बुडतात. नंतर त्या उंच मांडवांवर वाळवून हातानं निवडायच्या. इतकं केलं तर कॉफीला भाव मिळतो. रवांडा देशातल्या मराबा भागाची ओळख आज अशाच धुतलेल्या कॉफीमुळे आहे.

रवांडात कॉफी आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मन मिशनऱ्यांबरोबर. पुढं बेल्जियमच्या राजवटीनं 1930च्या दशकात ती लावण्याची सक्ती केली. देश 1962मध्ये स्वतंत्र झाला, तरी शेतकऱ्याच्या मर्जीला मोल आलं नाही. कॉफीची झाडं उपटायला कायद्यानं बंदी होती. तशात 1989मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोलमडला, भाव गडगडले. पाठोपाठ 1990मध्ये यादवी युद्ध पेटलं.

मग 1994चा एप्रिल आला. शंभर दिवसांत किमान आठ लाख माणसं मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. मराबा ज्या बुटारे प्रांतात होतं, तिथले प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हब्यालिमाना यांनी सुमारे दोन आठवडे कत्तल बऱ्याच अंशी थोपवून धरली होती. सरकारनं त्यांना पदावरून दूर केलं, पुढं त्यांचाही जीव गेला. त्यानंतर बुटारेतही तेच घडलं. मारणारे पुष्कळदा शेजारचेच होते.

मागं उरल्या विधवा, पोरकी मुलं आणि ज्यांचे नवरे खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होते अशा बायका. शेतं तीच होती, झाडंही तीच. पण फळं घरीच सोलून, बादलीत धुऊन व्यापाऱ्याला विकली, तर हाती फारसं पडत नसे. 1999मध्ये काही शेतकऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं 'अबाहुझामुगांबी', म्हणजे एका उद्देशानं एकत्र काम करणारे. रवांडाचं राष्ट्रीय विद्यापीठ आणि अमेरिकेतली दोन विद्यापीठं मदतीला आली. 2001मध्ये पहिलं धुलाई केंद्र उभं राहिलं. कॉफीची चव पारखायचं शिक्षणही स्थानिक माणसांना मिळालं. 2003मध्ये मराबाची कॉफी ब्रिटनमधल्या सेन्सबरीच्या दुकानांत 'मराबा' याच नावानं विकली जाऊ लागली.

धुलाई केंद्र एकेका घराला परवडणारं नव्हे. ते चालायचं तर साऱ्या डोंगराची फळं त्याच दिवशी तिथं पोहोचायला हवीत. म्हणून ज्यांची माणसं मारली गेली ते आणि ज्यांच्या घरातली माणसं त्या आरोपाखाली तुरुंगात होती ते, एकाच वजनकाट्यापुढं रांगेत उभे राहू लागले. याच काळात 'गाचाचा' नावाची गावन्यायालयंही भरत होती. 2012पर्यंत ती चालली. तिथं शेजारी शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देई. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्याच्याच घरच्यांशी सुगीत काट्यापुढं गाठ पडणार, असंही होतं.

याला समेट म्हणावं का, हे लांबून कॉफी पिणाऱ्यांनी ठरवू नये. तो हक्क ज्यांनी माणसं गमावली त्यांचा. भाव चांगला मिळाला म्हणून गेलेली माणसं परत येत नाहीत, आणि जगाचा बाजार पुन्हा पडला तर या डोंगरावर पुन्हा ओढगस्त येऊ शकते. पण एवढं खरं की हौदात एकदा बिया पडल्या, की कुठली कोणाच्या शेतातली हे सांगता येत नाही. पोत्यावर गावाचं एकच नाव लागतं, आणि चुकती केलेली रक्कम दोन्ही घरांत मुलांच्या शाळेसाठी, छपरासाठी उपयोगी पडते.