मांडवावरील जुना द्राक्षवेल

लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगांवीं एखाद्या अंगणांत द्राक्षाचा जुना वेल मांडवावर पसरलेला असावा, पानांच्या भारानें मांडव वांकावा, आणि फळ म्हणून मात्र एक घडहि दिसूं नये, यांत नवल कांहींच नाहीं. घरांतील वडील मंडळी म्हणतात, वेल म्हातारा झाला. तरुण मंडळी कुऱ्हाड शोधूं लागतात. परंतु इंग्लंडांत हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यांत १७६८ सालीं लावलेला वेल अद्याप फळतो, आणि स्लोव्हेनियांतील मारिबोर शहरीं एका घराच्या भिंतीवरील वेल चारशें वर्षांहून जुना आहे. तेव्हां कुसगांवच्या वेलाच्या वांझपणाचें कारण वयाखेरीज अन्यत्र शोधावें लागतें. तें कारण दख्खनच्या द्राक्षशेतीच्या इतिहासांत सांपडतें.

द्राक्ष ही मूळ पश्चिम आशियाकडील वनस्पति. तेथें हिवाळा आला कीं वेलाचीं पानें गळतात, आणि कांहीं महिने तो झोपीं जातो. महाराष्ट्रांत तशी थंडी नाहीं. म्हणून येथें वेल बारा महिने जागा राहतो आणि मोकळा सोडल्यास वाढतच जातो. चौदाव्या शतकांत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हां तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें नमूद केलें. परक्या प्रवाशास जें आश्चर्य वाटलें, तेंच येथील बागाइतदारापुढचें कोडें होतें. दोन बहारांपैकीं पावसाळ्यांत येणारें फळ आंबट व पाणचट, तर फाल्गुनाच्या सुमारास पिकणारें गोड. मग हवा तोच बहार धरावा कसा?

याचें उत्तर दख्खनच्या माळ्यांनीं सुरीनें दिलें. जी झोंप हवामान देत नव्हतें, ती त्यांनीं छाटणी करून वेलास दिली. चैत्राच्या सुमारास एक छाटणी आणि आश्विनांत दुसरी, अशी रीत रूढ झाली. पहिलीस खरड छाटणी म्हणतात, कारण तींत जुन्या काड्या जवळजवळ खरडूनच काढावयाच्या असतात. दुसरीस गोडी छाटणी म्हणतात, आणि कोणत्या बहारासाठीं ती करावयाची, हें त्या नांवांतच आहे. नाशिककडील जुन्या बागांतून पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर वेल चढवीत. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी या त्या बागांतील जाती. पुढें डॉ. चीमा यांनीं पुण्याजवळ गणेशखिंडीच्या बागेंत पांढरी साहेबीच्या रोपांतून निवड करून जी जात काढली, ती त्यांच्याच नांवानें चीमा साहेबी म्हणून प्रसिद्धीस आली.

या दुहेरी छाटणीचें मर्म शास्त्रानें मागाहून उलगडलें. चैत्रांत छाटलेल्या वेलास नवीन फूट येते, आणि तिच्या डोळ्यांत पुढील घड सूक्ष्म रूपानें घडूं लागतो. हें काम छाटणीनंतर सुमारें दीड ते दोन महिन्यांच्या आंत होतें, आणि त्या काळांत डोळ्यांवर भरपूर ऊन पडावें लागतें. सावलींत राहिलेला डोळा पानेंच देतो. कित्येक वर्षें न छाटलेला वेल स्वतःचीच सावली स्वतःवर पाडतो. त्याच्या वांझपणाचें रहस्य एवढेंच.

मावळ ही भाताची भूमि. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिकच्या पूर्वेकडील द्राक्षपट्ट्यांत त्याचा पांचवा हिस्साहि पडत नाहीं. म्हणून कुसगांवच्या वेलास वेळेचें बंधन अधिक कडक. खरड छाटणी एप्रिलच्या आरंभींच उरकावी, म्हणजे आभाळ भरून येण्यापूर्वीं डोळ्यांस वैशाख-ज्येष्ठाचें ऊन मिळतें. सारा गुंता एकदम तोडूं नये. निरोगी खोड व एक-दोन जोमदार हात ठेवून बाकीचें जून लांकूड दोन-तीन वर्षांत क्रमानें काढावें. जुन्या खोडांतहि निजलेले डोळे असतात; कापाखालून ते फुटतात. वेल कलमी असल्यास कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट मात्र तत्काळ खुडावी, कारण ती खालच्या खुंटाची असते. गोडी छाटणी पाऊस पुरता सरल्यावरच करावी. घाई केल्यास केवडा रोग कोंवळे घड नासवितो. त्यावर मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण उपयोगी पडतें. रस्त्याकडेचीं द्राक्षें चोरीस जाऊं नयेत म्हणून फ्रान्समधील बागाइतदार असलें मिश्रण शिंपडीत. त्या वेलांवर रोग नाहीं, हें पाहून मियार्दे या शास्त्रज्ञानें १८८५ सालीं तें जगापुढें मांडलें.

आज महाराष्ट्रांत द्राक्षविद्येची वाण नाहीं. बागाइतदारांचा संघ पुण्यांत आहे, आणि मांजरी येथें १९९७ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. परंतु बाजारासाठीं लावलेल्या बागांतून थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशा बिनबियांच्या जातींनीं भोकरी-साहेबींची जागा घेतली. एखाद्या घरच्या मांडवावर दुर्लक्षित पडलेला जुना वेल अशा मागें पडलेल्या जातीचाहि असूं शकेल. तो समूळ तोडला कीं त्याबरोबर ती जातहि त्या गांवांतून जाते. यास्तव कुऱ्हाडीपूर्वीं सुरी चालवून पाहावी, आणि आश्विनांत छाटलेल्या पक्व काडीचे चार-चार डोळ्यांचे तुकडे ओलसर मातींत रोंवून ठेवावे. ते सहज मुळें धरतात. जुना वेल पुन्हां फळला तर उत्तमच. न फळला तरी त्याचें बीं नव्हे, तोच वेल शेजारच्या अंगणांत पुन्हां उभा राहील.