दोन शब्दांची किंमत

इ.स. ६०७ मध्ये जपानच्या दरबाराने चीनच्या सुई सम्राटाला धाडलेल्या पत्रात दोन्ही राज्यकर्त्यांना ‘स्वर्गपुत्र’ म्हटले होते. सम्राट यांगला ही बरोबरी रुचली नाही. आठ शतकांनी आशिकागा योशिमित्सूने नेमके उलटे केले. १४०३ च्या पत्रात त्याने स्वतःला ‘जपानचा राजा’ आणि मिंग सम्राटाचा ‘सेवक’ म्हणवून घेतले. तेही क्योतोत जपानचा सम्राट गादीवर असताना! त्यातून १४०४ पासून परवानापत्रांवरचा व्यापार सुरू झाला. जपानहून तलवारी, गंधक, तांबे जाई. चीनहून रेशीम आणि तांब्याची नाणी येत. जपानी बाजारपेठ चालत असे ती याच परकी नाण्यांवर.

योशिमित्सूच्या मुलाने हे संबंध तोडले, पुढे १४३२ मध्ये योशिनोरीने ते पुन्हा जोडले. मात्र १४७० च्या सुमारास जुनी राजपत्रे संकलित करणाऱ्या झुइकेई शूहो या झेन भिक्षूने आक्षेप नोंदवला तो ‘राजा’ आणि ‘सेवक’ या शब्दांवर, तसेच पत्रातील मिंग कालगणनेवर. शोगुनांची चिनी पत्रे असे भिक्षूच लिहीत. शब्दाचे ओझे लेखनिकालाच अधिक जाणवत असावे. तरीही १४७५ मध्ये नाणी मागण्यासाठी योशिमासाने मिंग दरबाराला पत्र धाडले ते ‘जपानचा राजा’ म्हणूनच.