तुषार सिंचन : वालुकामय शेतीसाठी मोजून पाणी

चंडीगड : पंजाब आणि हरियाणाच्या बऱ्याच भागांत भूजल पातळी खालावत आहे. भाताची लावणी ऐन उन्हाळ्यात होऊ नये, यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये कायदे केले. नैऋत्य हरियाणातील भिवानी, महेंद्रगड भागाची अडचण वेगळी आहे. तेथील वालुकामय, उंचसखल जमिनीत पाटाचे पाणी शेताच्या टोकाला पोहोचण्याआधीच मुरते. अशा जमिनीत मोहरी, हरभऱ्यासारख्या पिकांना तुषार सिंचन उपयुक्त ठरते.

या पद्धतीत पंप दाबाखाली पाणी मुख्य नळी व उपनळ्यांतून उभ्या नळीवरील तोटीपर्यंत नेतो. तोटीतून सुटणारी धार स्प्रिंग लावलेल्या दांडीवर आदळते. त्या धक्क्यांनी तोटी थोडी थोडी फिरते आणि पाणी वर्तुळात पावसासारखे पडते. वर्तुळे एकमेकांवर यावीत, म्हणून तोट्या साधारणतः १२ मीटर अंतरावर ठेवतात. पाणी मुरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने पडल्यास ते वाहून जाते. जोराच्या वाऱ्यात त्याचे वाटप असमान होते, तर खारे पाणी पानांना अपाय करते.

केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना निर्धारित खर्चाच्या ५५ टक्के, तर इतरांना ४५ टक्के साहाय्य दिले जाते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र ओलिताखाली आणल्यास भूजलाचा उपसा कमी होत नाही.