रक्ताचा दाखला

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक राज्यांनी सिकलसेलची तपासणी सक्तीची करणारे कायदे केले. काही ठिकाणी शाळाप्रवेशासाठी, तर काही ठिकाणी विवाहाच्या परवान्यासाठी ती मागितली जाई, आणि रोख कृष्णवर्णीयांवर होता. या आजारात हिमोग्लोबिनच्या दोषामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आले तर मूल आजारी पडते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते व बहुधा निरोगी आयुष्य जगते. हा भेद पाळलाच गेला नाही. वाहकांना विमा नाकारला गेला, नाहीतर जास्त हप्ता मागितला गेला. वायुदलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते.

या आजाराचे रेणवीय मूळ १९४९ मध्ये उकलणारे लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, असे सुचविले होते. दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करू नये, हा त्यांचा हेतू. दोन नोबेल पारितोषिकांचा मानकरी, शांततेसाठी झटलेला हा शास्त्रज्ञ! ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना या सूचनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

कृष्णवर्णीयांचा विरोध तपासणीला नव्हता. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून स्वतःच्या दवाखान्यांतून ती मोफत केली. आक्षेप होता तो सक्तीला, आणि अहवाल कोणाच्या हाती जातो याला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची सिकलसेल तपासणी त्यांच्या नकळत झाल्याचा दावा १९९८ मध्ये अपील न्यायालयाने चालविण्यायोग्य ठरविला. (माहितीच्या कोठारात एकदा उघडलेला रकाना सहसा कोणी पुसत नाही, हा माझ्या व्यवसायातला रोजचा अनुभव.)

प्रतिनिधी लुईझ स्लॉटर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या विधेयकाचा कायदा व्हायला २००८ उजाडले. ‘जीना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली. सत्तरीच्या दशकातील सिकलसेल कायद्यांचा उल्लेख त्याच्या संहितेतच आहे.

हा इतिहास आपल्या घरापासून दूर नाही. विदर्भात सिकलसेल आदिवासींत आढळतो, तसाच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध कुटुंबांतही. वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून हे जनुक टिकले. जातीच्या शुद्धाशुद्धतेशी त्याचा संबंध नाही. भारत सरकारच्या २०२३ च्या निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यांना कार्डे दिली जातात. उपचारासाठी ती हवीतच. पण सोयरिकीच्या बैठकीत ते कार्ड मुलीकडेच मागितले जाऊ नये, याची तजवीज कार्डावर नसते.

अमेरिकेत २००६ पासून सर्व राज्यांत नवजात बालकांच्या टाचेच्या रक्ताची सिकलसेल तपासणी होते. तेव्हा इथे जन्मलेल्या आपल्या मुलांचा निकाल कुठेतरी नोंदलेला आहेच. लवकर निदानाने असंख्य बालके वाचली, म्हणून या तपासणीला मी मनापासून अनुकूल आहे. मात्र ‘जीना’चे छत्र आयुर्विमा, अपंगत्वविमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा यांवर नाही. फ्लोरिडाने २०२० मध्ये आयुर्विम्यासह दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यासाठीही ही फट कायद्याने बुजविली. इतर राज्यांतील वाचकांनी विम्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या राज्याचा कायदा पाहून घ्यावा, आणि घरी वाहक असेल तर ‘रुग्ण’ या रकान्यात खूण करू नये.