न्यूयॉर्क अग्निशामक दलातील बचाव तुकडी : उगम आणि मर्यादा

१८६५ मध्ये न्यूयॉर्क शहरात स्वयंसेवकांच्या पथकांची जागा पगारी अग्निशामक दलाने घेतली, तेव्हा त्याची अंतर्गत रचना साधी होती. पंपाच्या तुकडीने पाणी मारावे, शिडीच्या तुकडीने माणसे शोधावीत व धुराला वाट करून द्यावी, एवढीच ती श्रमविभागणी होय. पुढील अर्धशतकात शहर मात्र पालटले. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती, खोल तळघरे, विजेच्या तारा आणि १९०४ मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे यांमुळे संकटाचे स्वरूपच बदलले. दलाची साधने मात्र बहुतांशी जुनीच राहिली.

ही विसंगती दोन दुर्घटनांनी उघड केली. ९ जानेवारी १९१२ रोजी ब्रॉडवेवरील इक्विटेबल इमारतीस आग लागली. तळघरातील तिजोरीघराच्या लोखंडी गजांआड विल्यम गिब्लिन हे तिजोरी कंपनीचे अध्यक्ष अडकले होते. सेनेका लार्क या जवानाने साध्या करवतीने ते गज कापून त्यांना सोडविले. कडाक्याच्या थंडीत, इमारत कोसळत असताना, हे काम दीर्घकाळ चालले. त्याच आगीत बटालियन प्रमुख विल्यम वॉल्श मृत्युमुखी पडले. पुढे ६ जानेवारी १९१५ रोजी भुयारी रेल्वेच्या विद्युत्-वाहिन्या जळून बोगद्यात दाट धूर कोंडला व शेकडो प्रवासी गुदमरले. पहिल्या प्रसंगी धैर्य होते, पण अवजार नव्हते. दुसऱ्या प्रसंगी धुरात श्वास घेण्याचे साधनच नव्हते.

दलप्रमुख जॉन केनलन यांच्या कारकीर्दीत, मार्च १९१५ मध्ये, पहिली बचाव तुकडी कामावर रुजू झाली. कॅप्टन जॉन मॅकएलिगॉट हे तिचे नायक. खाणींतील बचावकार्यासाठी जर्मनीत तयार झालेली ड्रेगर श्वसनशिरस्त्राणे आणि पोलाद कापणारी ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत ही तिची प्रमुख साधने होती. संकटात सापडलेल्या सहकारी जवानांना सोडविणे हे तिचे मूळ कर्तव्य. तिच्यासाठी यंत्रकाम, वीजकाम यांसारख्या कारागिरीची जाण असलेली माणसे निवडण्यात आली, ही बाब विशेष लक्षणीय आहे. ज्या कौशल्यांनी नवे शहर उभे राहिले, त्याच कौशल्यांचा उपयोग त्या शहरातील संकटांच्या निवारणासाठी होऊ लागला. १९२५ मध्ये ब्रुकलिनला, तर १९३१ मध्ये ब्राँक्स व क्वीन्स विभागांना अशा तुकड्या मिळाल्या.

तथापि विशेषज्ञतेला एक अंगभूत धोका असतो, तो म्हणजे दुर्मिळ कौशल्य थोड्या माणसांत एकवटण्याचा. सर्वांत बिकट प्रसंगी सर्वांत अनुभवी माणसेच प्रथम पुढे जातात. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्रात दलाचे ३४३ जण कामी आले. त्यांत पहिल्या बचाव तुकडीचे ११ जवान आणि विशेष कार्य विभागाचे प्रमुख रे डाउनी हेही होते. पाळीबदलाची वेळ असल्याने घरी निघालेले कित्येक जवानही सोबत गेले होते. इमारती कोसळल्यावर ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी सर्वाधिक होते, त्यांतील अनेकजण त्याच ढिगाऱ्याखाली होते.

यावरून १९१५ चा निर्णय चुकीचा होता असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. उणिवेच्या अनुभवातून जन्मलेल्या संस्थेने ती उणीव निश्चितपणे भरून काढली. मात्र यंत्र गमावले तर दुसरे विकत घेता येते. अनेक वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले ज्ञान पुन्हा घडवावेच लागते. म्हणूनच अशा तुकड्यांच्या इतिहासात साधनांच्या यादीइतकेच ज्ञानाच्या हस्तांतरणाला महत्त्व द्यावे लागते.