१९५२चा महोत्सव आणि हरवलेले एक रीळ

२४ जानेवारी १९५२. मुंबईत बोरीबंदरजवळच्या न्यू एम्पायर चित्रगृहात भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा पडदा उघडला. आशिया खंडातीलही हा पहिलाच. २३ देश, सुमारे ४० कथापट, शंभरच्या आसपास लघुपट. आयोजक केंद्र सरकारचे फिल्म्स डिव्हिजन. १ फेब्रुवारीला मुंबईतील खेळ संपले आणि चित्रपटांच्या पेट्या पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याकडे रवाना झाल्या.

स्पर्धा नव्हती, पारितोषिके नव्हती. स्टालिनचा गौरव करणारा सोव्हिएत ‘द फॉल ऑफ बर्लिन’ पडद्यावर, आणि अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून दिग्दर्शक फ्रँक काप्रा स्वतः उपस्थित. नेहरूंचे अलिप्ततेचे धोरण चित्रगृहात कसे दिसते, याचा हा नमुनाच!

मात्र खोल ठसा उमटवला तो इटलीने. व्हित्तोरिओ डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) स्टुडिओतील देखावे नव्हते, रोमचे खरे रस्ते होते. नायकाच्या भूमिकेत नट नव्हे, कारखान्यातील कामगार होता. भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या माणसाची सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते, कथा एवढीच.

कलकत्त्याहून नुकतेच मुंबईत आलेले बिमल रॉय या चित्रपटाने झपाटले गेले. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. जमीनदाराला गिरणीसाठी जमीन हवी आहे. कर्जात अडकलेला शंभू ती वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. जमीन वाचत नाही. बलराज साहनींचा शंभू आजही विसरता येत नाही.

भारतीय चित्रपटातील वास्तववादाची कथा बहुधा येथूनच सांगितली जाते: रोमने शिकवले, मुंबई शिकली. हे अर्धेच सत्य आहे.

१९२५ साली, म्हणजे त्या महोत्सवाच्या २७ वर्षे आधी, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकार शेतकऱ्याला लुबाडतो, जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. डी सिका यांनी तेव्हा दिग्दर्शनाला हातही लावला नव्हता.

ही कथा हवेतून आलेली नव्हती. कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होता. जमीन जाण्याच्या वाटा मात्र अनेक होत्या. १९२१ ते १९२४ या काळात पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. भाताची खाचरे पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर भिरा येथे तयार झालेली वीज मुंबईला पोहोचली. ‘सावकारी पाश’चा मुळशीशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण पुढे ‘दो बिघा जमीन’मध्ये उद्योगासाठी शेत गमावणारा जो शंभू दिसला, तो मुळशीकरांना परका नव्हता. इटलीकडून मांडणीचे धाडस आले. दुःख इथलेच होते.

मग महोत्सवात ‘सावकारी पाश’चे नाव का नव्हते? तेथे नवे चित्रपट मागवले होते, हे उघडच आहे. मराठीतून निवड झाली ती ‘अमर भूपाळी’ची: शाहीर होनाजी बाळाची कथा, दिग्दर्शक तेच व्ही. शांताराम. चित्रपट देखणा, संगीत वसंत देसाईंचे. परंतु परदेशी पाहुण्यांसमोर मराठी माणूस आला तो उत्तर पेशवाईच्या वेशात, हेही नोंदवायला हवे.

मूळ कारण मात्र अधिक साधे आणि अधिक क्लेशदायक आहे. १९२५चा ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. नायट्रेटची फिल्म पेट घेई, कुजे. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुनी रिळे विकून टाकली जात. १९३६ साली पेंटरांनी हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली, पण मूकपट गेला तो गेलाच. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांचे बहुतांश युग नष्ट झाले होते. इतिहास अखेर पाहता येणाऱ्या रिळांवरून लिहिला गेला, आणि रोमची रिळे शाबूत होती.

न्यू एम्पायरमध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’चा खेळ झाला तेव्हा बाबूराव पेंटर हयात होते. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ला कान महोत्सवात पारितोषिक मिळाले.